किल्ल्याचं साल

बाळापूरचा किल्ला मी लहानपणापासून पाहतो आहे. त्याच्या विटांच्या उंच भिंती, एकात एक असे तीन दरवाजे, खाली बाळादेवीचं देऊळ. पण तो पुरा कधी झाला ते साल माझ्या डोक्यात कायमचं बसलं ते इतिहासाच्या पुस्तकामुळे नव्हे, एका वजाबाकीमुळे.

पावसाळ्याचे दिवस होते. मन आणि म्हैस, दोन्ही नद्या भरून चालल्या होत्या. जुन्या लिखाणात नोंद आहे की पूर आला की एक बाजू सोडून किल्ल्याला चहूकडून पाणी वेढतं. तसाच काहीसा दिवस होता. सातवीच्या वर्गात निम्मीच मुलं आली होती, नवा धडा घेण्यात अर्थ नव्हता. मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, कोणतीही चार अंकी संख्या सांगा, फक्त चारही अंक सारखे नकोत. खिडकीशी बसलेली एक मुलगी लगेच म्हणाली, "सतराशे सत्तावन्न."

"हीच काहून?"

"सर, इतिहासाच्या सरायनं कालच सांगतलं. किल्ला तवा पुरा झाला."

खरं होतं ते. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह यानं काम सुरू केलं असं सांगतात, आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान यानं ते १७५७ मध्ये पुरं केलं. मी फळ्यावर १७५७ लिहिलं. मग त्याचेच अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले, ७७५१. खाली तेच अंक उलट, १५७७. मुलांना म्हटलं, करा वजा. एकातून सात जात नाहीत, हातचा घ्या. ज्यांचा हातचा चुकला त्यांना पुन्हा करायला लावलं. उत्तर आलं ६१७४.

हे उत्तर पाहून मी क्षणभर खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. कारण मला ६१७४ वरच पोचायचं होतं, पण पाच-सहा पायऱ्यांनी पोचेन अशी माझी तयारी होती. आमच्या गावच्या किल्ल्याचं साल एका पायरीत तिथं गेलं.

मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. म्हणून मी म्हटलं, आता ६१७४ चे अंक घ्या आणि पुन्हा तेच करा. ७६४१ मधून १४६७ गेले. उरले ६१७४. वर्गात कुजबुज सुरू झाली. मग मी फळ्यावर दुसरी संख्या लिहिली, १९०५, आणि बाजूला झालो. मुलांनीच वह्यांत मांडलं. ९५१० मधून ०१५९ गेले, ९३५१. ९५३१ मधून १३५९ गेले, ८१७२. ८७२१ मधून १२७८ गेले, ७४४३. ७४४३ मधून ३४४७ गेले, ३९९६. ९९६३ मधून ३६९९ गेले, ६२६४. ६६४२ मधून २४६६ गेले, ४१७६. आणि शेवटी ७६४१ मधून १४६७. मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो एरवी गणिताच्या तासाला खाली मान घालून बसायचा, तो उभाच राहिला. "सर, माह्यं बी तेच आलं!"

सात पायऱ्या झाल्या होत्या. सातच्या वर कधी लागत नाहीत. १९०५ हे साल मी उगीच घेतलं नव्हतं. त्या वर्षी १७ जानेवारीला डहाणूला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले, आणि हे कोडं त्यांचं आहे.

कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. १९३० ते १९६२, बत्तीस वर्षं त्यांनी नाशिकजवळच्या त्या छावणीच्या गावात मुलांना शिकवलं. आईचं छत्र आठव्या वर्षीच हरपलं. वडील कारकून; त्यांना ज्योतिषाचा नाद, आणि ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच. मुलाला आकड्यांची गोडी लागली ती तिथून. ठाण्याला शाळा झाली, पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं, आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. औपचारिक शिक्षण तिथं संपलं. पुढची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, मार्गदर्शक नाही. रोज सकाळी शाळा, पाटी-फळा, तपासायच्या वह्या, आणि उरलेला सगळा वेळ संख्यांसाठी. मद्यप्याला जशी मद्याची ओढ तशी मला संख्यांची आहे, अशा अर्थाचं ते स्वतःविषयी सांगत.

६१७४ चा शोध त्यांना १९४६ मध्ये लागला. १९४९ मध्ये मद्रासला भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला, आणि पुढं न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात तो छापून आला. आज जगभर त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तीन अंकी संख्यांना हेच केलं की ४९५ वर मुक्काम पडतो. दोन अंकी संख्या मात्र एका जागी थांबत नाहीत, ९, ८१, ६३, २७, ४५ अशा फेऱ्यात फिरत राहतात. पाच अंकी संख्यांचंही तसंच, तिथं तीन वेगवेगळे फेरे आहेत आणि एकही स्थिर मुक्काम नाही. हे मुलांना आधी सांगू नये. त्यांनाच पाच अंकी संख्या घेऊन आठवडाभर शोधू द्यावं. मी तसंच करत असे, आणि आठवड्यानं जी मुलं "सर, हे तर थांबतच नाही" म्हणत आली त्यांनी खरा शोध लावलेला असायचा.

हे असं का होतं, हा प्रश्न मुलं विचारतातच. सातवी-आठवीच्या मुलाला ते पुरतं समजावता येतं, म्हणून इथं सांगतो. चार अंक घ्या. सगळ्यांत मोठा अंक एका मांडणीत हजाराच्या घरात आहे आणि दुसऱ्या मांडणीत एककाच्या. म्हणजे वजाबाकीत तो ९९९ वेळा उरतो. सगळ्यांत लहान अंक उलट ९९९ वेळा जातो. मधले दोन शतक आणि दशक या घरांची अदलाबदल करतात, त्यांचा हिशेब ९० पटीचा. म्हणून वजाबाकीचं उत्तर ठरतं ते दोनच गोष्टींवर, टोकाच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याची ९९९ पट, दुसऱ्याची ९० पट, आणि दोघांची बेरीज. या दोन फरकांच्या जोड्या मोजल्या तर ५४ भरतात. चार अंकी संख्या, चारही अंक सारखे असलेल्या नऊ वगळून, ८९९१ आहेत. एवढ्या ८९९१ संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात. जत्रेतली गर्दी एका अरुंद दरवाजातून आत शिरावी तसं ते आहे. त्यानंतर फक्त ५४ वाटा तपासायच्या राहतात, आणि त्या सगळ्या ६१७४ कडे जातात.

१७५७ मध्ये टोकाच्या अंकांतला फरक सहा, मधल्यांतला दोन. सहा वेळा ९९९ म्हणजे ५९९४, दोन वेळा ९० म्हणजे १८०. बेरीज ६१७४. एका पायरीत पोचणाऱ्या अशा संख्या एकंदर ३५६ आहेत. पुऱ्या सात पायऱ्या लागणाऱ्या १९८० आहेत. आमच्या किल्ल्याचं साल पहिल्यांत, कापरेकरांचं जन्मसाल दुसऱ्यांत. यात कोणताही संकेत नाही, तो निव्वळ योगायोग आहे. पण वर्गात योगायोग फार उपयोगी पडतो. ज्या मुलीनं १७५७ म्हटलं होतं तिनं नंतर बाळापूरशी जोडलेली जेवढी सालं मिळाली तेवढी आणून मांडली. १७२० हे बाळापूरच्या लढाईचं साल, निजामानं अलमअलीखानाचा पराभव केला ते; तीन पायऱ्यांत पोचलं. १६६७ हे मिर्झाराजे जयसिंगाच्या मृत्यूचं, ज्यांच्या नावाची छत्री नदीकाठी उभी आहे; त्याला सहा लागल्या. इतिहासाच्या तासाला न बसणारी सालं त्या पोरांना पाठ झाली.

माझे वडील बाजारात एका अडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते. कापूस, तूर, ज्वारी यांचे हिशेब ते तोंडी करत. सोळा आण्यांचा रुपया, मण-शेर-छटाक, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले आणि नंतर किलो आले, तरी वडील मनात आण्यांतच हिशेब करून मग पैशांत सांगत. मोठा गुणाकार झाला की ते 'ताळा' पाहत. संख्येतले अंक एकमेकांत मिळवायचे, एक अंक उरेपर्यंत मिळवत राहायचे. गुणल्या संख्यांचा ताळा आणि उत्तराचा ताळा जुळला नाही तर गुणाकार चुकला. मी सहा-सात वर्षांचा असताना दिव्याच्या उजेडात त्यांच्या वहीवर हे पाहिलं आहे. पेढीवरचा आपला ताळेबंद हा शब्दही त्याच ताळ्याच्या घरातला.

कापरेकरांचं काम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वडिलांची ती वही आठवली. कारण या माणसानं जन्मभर जे केलं ते ताळ्याच्या पलीकडे जाऊन पाहणं होतं. अंक एकमेकांत मिळवून दिवाणजी थांबतो, त्याचं काम झालेलं असतं. कापरेकर तिथं थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, संख्येत तिचेच अंक मिळवले तर काय होतं? १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ ला एक जनक आहे, १५. मग प्रत्येक संख्येला जनक असतो का? त्यांनी तपासलं. २० ला नाही. ३१ ला नाही, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ यांनाही नाही. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून या संख्या येत नाहीत. त्यांना त्यांनी नाव दिलं स्वयंभू.

हे नाव वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कुणी घडवलेली नाही, आपणहून प्रकटलेली पिंड म्हणजे स्वयंभू, हे आमच्याकडे पोर बोलायला लागल्यापासून ऐकतं. आणि ९७ च्या पुढची स्वयंभू संख्या आहे १०८. जपमाळेचे मणी. मी ते फळ्यावर लिहिलं की दरवेळी वर्ग गप्प व्हायचा. मग मी पुढचं सांगायचो. १०८ चे अंक मिळवले तर ९ होतात, आणि ९ नं १०८ ला बरोबर भाग जातो, बारा वेळा. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला नि:शेष भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनी नाव दिलं हर्षद, आनंद देणारी. जगातल्या गणिताच्या पुस्तकांत आज हा संस्कृत शब्द जसाच्या तसा छापला जातो. देवळालीच्या एका मास्तरानं तो दिला आहे, हे छापणाऱ्यांपैकी पुष्कळांना माहीत असतं. आपल्याकडच्या मुलांना मात्र फारसं माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक जात त्यांच्याच नावानं ओळखली जाते. २९७ चा वर्ग करा, ८८२०९ येतो. त्याचे दोन तुकडे करा, ८८ आणि २०९. बेरीज २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, तुकडे ४९४ आणि २०९, बेरीज ७०३. ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून पुन्हा ४५. या कापरेकर संख्या. २०२५ साल लागलं तेव्हा मी निवृत्त झालेला होतो, पण शेजारच्या मुलांना अंगणात बोलावून हे दाखवल्याशिवाय मला राहवलं नाही.

डेमलो संख्यांची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. नऊ एक मांडून वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१. चढण आणि उतरण. हे ज्यांत बसतं अशा संख्यांच्या एका कुळाचा विचार त्यांना जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेमलो स्टेशनात सुचला, म्हणून नाव डेमलो. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. लाखो माणसं रोज तिथं गाडीची वाट पाहत उभी राहतात.

तीच रेल्वे आमची. बाळापूरला स्टेशन नाही, सहा मैलांवर पारस. पारसला मुंबईच्या गाडीत बसलं की शेगाव, मलकापूर, भुसावळ, मग चाळीसगाव, मनमाड, नाशिक, आणि नाशिकनंतर देवळाली. या प्रवासात मला दोन ठिकाणी खिडकीशी यावंसं वाटतं. चाळीसगावला, कारण तिथून जवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकिकत आहे, आणि त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी शके ११२८ मध्ये, म्हणजे सुमारे १२०७ साली, मठ स्थापल्याची नोंद आहे. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. लीलावतीत भास्कराचार्यांनी भुंग्यांचा थवा, तुटलेली मोत्यांची माळ, वाऱ्यानं मोडलेला वेळू, मोर आणि साप अशा चित्रांत गणितं घातली, आणि शेवटच्या प्रकरणात अंकांच्या अदलाबदलीचा विचार केला, त्याला अंकपाश म्हणतात. दिलेले अंक किती प्रकारांनी मांडता येतात, हा त्यातला प्रश्न. कापरेकर अंकांना मोठ्याकडून लहानाकडे आणि लहानाकडून मोठ्याकडे मांडतात तेव्हा ते त्याच अंगणात उभे असतात. आठशे वर्षांचं अंतर आहे, पण आगगाडीनं ते काही तासांचं.

दुसरी खिडकी देवळालीची. १९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नी गेली. निवृत्तिवेतन पुरत नव्हतं, म्हणून या माणसानं म्हातारपणी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन घर चालवलं. शोध लावायचे, ते स्वतःच्या खर्चानं लहान पुस्तिकांत छापायचे, आणि गणिताच्या परिषदांना पदरच्या पैशानं जायचं, हे असं आयुष्यभर चाललं. स्वयंभू संख्यांवरची त्यांची पुस्तिका १९६३ मध्ये अशीच देवळालीहून निघाली. आपल्या देशातल्या बऱ्याच मोठ्या गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटत असे. अंकांचा खेळ, याला गणित काय म्हणायचं, असा तो भाव. मला तो निवाडा चुकीचा वाटतो, आणि मी तो पुरा विचार करून चुकीचा म्हणतो आहे. जो प्रश्न तिसरीतलं मूल हातात घेऊ शकतं आणि तज्ज्ञ माणूस सहज खाली ठेवू शकत नाही, तो किरकोळ असू शकत नाही.

दाद परदेशातून आली. मार्टिन गार्डनर हे 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात गणिती खेळांचं सदर लिहीत, आणि जगातले गणिताचे हौशी ते वाचत. १९७५ च्या मार्च महिन्यात त्यांनी कापरेकरांविषयी लिहिलं. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर नाव पसरलं. १९८६ मध्ये ते देवळालीला वारले. मुलांनी तेही साल मांडून पाहिलं होतं, सहा पायऱ्या.

गार्डनरांच्या त्या सदराच्या काळातच, १९७४ मध्ये, बुडापेस्टच्या एका अध्यापकानं, एर्नो रुबिक यांनी, रंगीत ठोकळा बनवला. तो घराघरांत गेला. आमच्या वर्गातही एकानं अकोल्याच्या बाजारातून आणला होता. फार सुंदर वस्तू आहे. त्याच्या ४३ च्या पुढं अठरा शून्यांइतक्या मांडण्या होतात, आणि त्यातली कोणतीही वीस फिरवण्यांत सोडवता येते हे २०१० मध्ये सिद्ध झालं. कापरेकरांच्या कोड्याची खोली सात, रुबिकच्या ठोकळ्याची वीस. दोघंही मास्तर. पण ठोकळा विकत आणावा लागतो. शेतमजुराच्या पोराला तो वर्गमित्राकडून दोन मिनिटांसाठी मागून घ्यावा लागतो, आणि ते मी पाहिलं आहे. ६१७४ ला खडूचा तुकडा पुरतो, तोही नसला तर ओलसर जमिनीवर काडी पुरते. गरीब शाळेत शिकवलेल्या माणसाला या फरकाचं मोल कळतं.

एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझ्या फळ्यावर ही वजाबाक्यांची उतरंड पाहिली आणि विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठे आहे? मी म्हणालो, हातच्याची वजाबाकी. त्या दिवशी ज्या मुलांनी वीस-वीस वजाबाक्या आपखुशीनं केल्या होत्या त्यांच्या वह्या मी त्यांच्यापुढे ठेवल्या. शेरा व्हायचा तो झालाच, पाठ टाचणाप्रमाणे नव्हता असा. मला त्याचं दु:ख झालं ते माझ्यासाठी नाही. मागच्या बाकावरचा तो पोरगा, पहिल्यांदाच उभा राहिलेला, त्या साहेबांकडे पाहत होता आणि हळूच खाली बसला.

बाळापूर हे मराठी आणि उर्दू दोन्ही बोलणारं गाव आहे. जवळच्या उर्दू शाळेतले एक मास्तर माझे चांगले मित्र होते. चहाच्या दुकानात त्यांना मी कागदावर ६१७४ करून दाखवलं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला. दोन दिवसांनी भेटले तेव्हा लांबूनच हात वर करून म्हणाले, "मास्टरसाब, हमारे यहां भी वही आया!" उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण आकडे लिहिताना मात्र डावीकडून उजवीकडेच. दोन्ही शाळांच्या फळ्यांवर वजाबाकी एकसारखीच दिसत होती. त्या वर्षी दोन्ही शाळांतली काही मुलं रविवारी किल्ल्यापाशी जमून एकमेकांना संख्या घालत. ज्याची संख्या सात पायऱ्या घेईल तो जिंकला, असा त्यांनी नियम केला होता. तो मी शिकवलेला नव्हता.

मुलांना सातची संख्या हवी असे, म्हणून त्यांनी ती हुडकायची रीतही काढली. कोणत्या फरकाच्या जोड्या सात पायऱ्या घेतात याची यादी एका मुलीनं वहीच्या मागच्या पानावर केली. ती १७५७ वालीच. ती पुढं काय शिकली ते मला माहीत आहे, पण तिची ओळख इथं सांगणं बरं नाही. यादी बरोबर होती एवढं सांगतो.

२२ डिसेंबरला रामानुजन यांच्या जन्मदिनी आपल्याकडे गणित दिवस होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण शाळेतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, विशेषतः आमच्या वऱ्हाडातल्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, मराठी आणि उर्दू शाळांतल्या. १७ जानेवारीला एक तास मोकळा ठेवा. भाषण नको, हार नको, फोटो नको. मुलांना आपापल्या गावातलं एक साल शोधून आणायला सांगा, देवळाचं, विहिरीचं, शाळेच्या इमारतीचं, आजोबांच्या जन्माचं. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. फळ्यावर ते मांडा आणि खडू मुलांच्या हातात द्या.